कार्यक्रम सुरू झाला की संयोजकाचा फोन थांबत नाही: कारणं आणि उपाय

लक्षण ओळखीचं आहे. रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या एखाद्या सभागृहात दीडशे माणसांची एक दिवसाची परिषद आहे. आंबा-काजू प्रक्रिया करणारे असोत, डॉक्टर असोत की पर्यटन व्यावसायिक. सकाळी नऊपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. पावणेदहाला पहिला फोन येतो, "पाण्याचे जार कुठे लावू?" साडेअकरापर्यंत संयोजकाच्या कानाला फोन चिकटलेला, काखेत शालींची पिशवी, समोर भाड्यासाठी उभा असलेला गाडीवाला, आणि आत कोण बोलतंय याचा त्याला पत्ता नाही. जेवण एकऐवजी पावणेतीनला. पुढच्या वर्षी सभागृह तेच, माणसं तीच आणि धावपळही तीच.

याचा दोष अनुभवाला किंवा स्वभावाला दिला जातो. आमच्या मते बिघाड आखणीत असतो. सगळ्या प्रश्नांचा रस्ता एकाच फोनवर येऊन संपतो, आणि तो फोन ज्याच्या खिशात आहे त्याच्याच गळ्यात चार कामंही टाकलेली असतात.

आधी निदान करा

गेल्या कार्यक्रमाच्या दिवशीचे कॉल फोनमधून काढा. सकाळी ८ ते दुपारी २ एवढेच वहीत उतरवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोपही धरा. प्रत्येकासमोर एकच खूण लिहा: कुठे-कधी, करू का, बिघडलं, पोचला नाही, पैसे. यादी पुसली गेली असेल तर त्या दिवशी सोबत असलेल्या दोघातिघांना बसवून आठवून लिहा. जी खूण सर्वांत जास्त वेळा आली, तिथून दुरुस्ती सुरू करा. सगळं एकदम बदलायला गेलात तर नवी व्यवस्था समजावण्यातच तो दिवस जातो.

'कुठे' आणि 'कधी'

हे फोन संख्येने जास्त आणि थांबवायला सर्वांत सोपे. छापलेली कार्यक्रमपत्रिका पाहुण्यांसाठी असते. काम करणाऱ्यांना वेगळा कागद लागतो, सरकारी दौऱ्यात ज्याला 'मिनिट टू मिनिट' म्हणतात तसा. पाच रकाने पुरतात: वेळ, व्यासपीठावर काय, व्यासपीठामागे काय, जबाबदार कोण, त्याचा नंबर. तिसरा रकाना बहुतेक जण ठेवतच नाहीत, आणि फोन तिथूनच उगवतात. उदाहरणार्थ १०.५५ ला व्यासपीठावर पहिल्या वक्त्याची प्रश्नोत्तरं चालू असतात. त्याच वेळी मागे दुसऱ्या वक्त्याला कॉलर माइक लावायचा असतो, त्याची फाईल उघडून ठेवायची असते आणि चहाचं आधण चढवायचं असतं. हे लिहिलेलं नसेल तर तिन्ही कामांसाठी तीन माणसं संयोजकाला शोधत येतात.

कागद मोठ्या अक्षरात छापून सहा ठिकाणी लावा: नोंदणीचं टेबल, विंग (व्यासपीठाची बाजू), साउंडचं टेबल, स्वयंपाकाची जागा, जनरेटर आणि गाड्या लावायची जागा. नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून भागत नाही. जाड जांभ्याच्या भिंतींआड रेंज येते-जाते, आणि आचाऱ्याचे हात ओले असतात. जांभ्याच्या खडबडीत चिऱ्याला चिकटपट्टी धरत नाही, म्हणून सुतळी आणि चिमटे ठेवा. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला. वर 'शुक्रवार रात्री ९ ची प्रत' असं लिहा आणि जुनी प्रत काढूनच नवी लावा. दोन प्रती फिरू लागल्या की एकही कागद नसल्यापेक्षा जास्त गोंधळ होतो.

आता वेळांचा हिशेब. दिवस घसरतो तो बहुधा पहिल्या पाऊण तासात, आणि त्याचं मोठं कारण सत्कार. नाव पुकारणं, पाहुण्याने उठून येणं, शाल, श्रीफळ, फोटो, परत जाणं, यात एका माणसामागे दीड ते दोन मिनिटं जातात. बारा सत्कार म्हणजे अठरा ते चोवीस मिनिटं, आणि पत्रिकेत लिहिलेली असतात पाच. सत्कार रद्द करा असं आम्ही म्हणणार नाही. मान द्यायचा तो नीटच द्यावा. पण सत्कारमूर्तींना पहिल्या रांगेत पुकारण्याच्या क्रमाने बसवा, प्रत्येकाचं तबक आधी लावून ठेवा, एकत्र फोटो शेवटी घ्या आणि प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला तिघांचेच सत्कार ठेवा. कुणाला ताटकळत बसावं लागत नाही आणि वेळही वाचतो.

दीपप्रज्वलनातही अशीच मिनिटं जातात. वाती आदल्या रात्री तेलात भिजवून ठेवा, कार्यक्रमाआधी एकदा पेटवून विझवा म्हणजे त्या चटकन धरतात. टोकाला कापराचा बारीक तुकडा ठेवला तर आणखी बरं. समईवरचा पंखा कोण बंद करणार त्याचं नाव कागदावर हवं. पावसाळ्यात काडेपेटी सादळते, म्हणून लायटर आणि मेणबत्ती दोन्ही तबकात असू द्या.

वीस मिनिटांच्या भाषणाला पत्रिकेत तीस मिनिटं धरा: २० बोलणं, ५ प्रश्न, ३ माणूस बदलायला, २ मोकळी. पहिल्या रांगेत बसलेल्या एकाच माणसाने ५, २ आणि ० असे मोठे आकडे लिहिलेले पुठ्ठे दाखवायचे, आणि हे वक्त्याला आदल्या दिवशी सांगायचं. जेवणाआधी पंधरा मिनिटं 'खुली चर्चा' नावाने रिकामी ठेवा. शिवाय एक कापायची यादी हवी: १५ मिनिटं उशीर झाला तर काय गाळायचं, ३० झाला तर काय, ४५ झाला तर काय. ती आदल्या रात्री अध्यक्षांना दाखवून त्यांची संमती घ्या. ऐन वेळी व्यासपीठावर वाकून कानात विचारलेल्या प्रश्नाला कोणीही 'ते गाळा' म्हणत नाही.

'करू का?'

हे फोन परवानगीचे. माणसं हुशार असतात, पण निर्णय आपला आहे असं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पाच जागा ठरवा आणि प्रत्येकीला एकच नाव द्या: दार, व्यासपीठ, तंत्र म्हणजे वीज-आवाज-पडदा, जेवण आणि गाड्या. ज्याच्याकडे जागा, त्याचा निर्णय अंतिम. प्रत्येकाला २००० रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायची मुभा आणि तेवढी रोख सकाळीच हातात द्या. बिल किंवा साधी चिठ्ठी पाकिटात पडली की झालं.

संयोजकाकडे काम एकही नको. शाली नकोत, पाहुण्यांना आणायला जाणं नको, सूत्रसंचालन तर नकोच. त्याने सभागृहाच्या मागच्या दाराशी, जिथून व्यासपीठ आणि बाहेरचा व्हरांडा दोन्ही दिसतात, तिथे उभं राहायचं. कोणत्या जागी अडलं आहे ते त्याला दिसलं पाहिजे.

आणि त्याचा फोन दुसऱ्याच्या हातात द्या. ही गोष्ट लोकांना पटायला जड जाते, पण आमच्या पाहण्यात याहून उपयोगी दुरुस्ती नाही. संयोजकाचा नेहमीचा नंबर गावात सगळ्यांना पाठ असतो. तुम्ही कितीही कागद लावा, माणूस सवयीने तोच नंबर फिरवणार. म्हणून सकाळी ८ वाजता तो फोन एका शांत आवाजाच्या माणसाकडे द्यायचा. त्याने प्रत्येक फोन उचलायचा आणि पाचांपैकी योग्य नंबर सांगायचा. संयोजकाने दुसरा फोन ठेवायचा, ज्याचा नंबर फक्त त्या पाच जणांना आणि या फोन धरणाऱ्याला माहीत आहे.

समोरासमोर येणाऱ्यांचं काय? आपल्याकडे कुणीही "अरे दादा, जरा बघ ना" म्हणत थेट खांद्यावर हात ठेवतं. तिथे "माझ्याकडे नाही" असं तोडून बोलू नका, माणूस दुखावतो. "काका, दाराशी वहिनी बसल्यात, यादी त्यांच्याकडेच आहे," असं म्हणून चार पावलं सोबत चाला. एकदा वहिनींनी काम करून दिलं की काका पुन्हा तुमच्याकडे येत नाहीत.

'बिघडलं'

वीज. आधी दोन दिवस महावितरणच्या स्थानिक कार्यालयात जाऊन त्या दिवशी देखभालीसाठी पुरवठा बंद राहणार आहे का ते विचारा. मग भार मोजा. पंखे १६ × ७५ वॉट म्हणजे १२००, एलईडी दिवे २० × २० म्हणजे ४००, प्रोजेक्टर ३००, साउंड १०००, लॅपटॉप-मिक्सर-चार्जर मिळून २००. एकूण ३१०० वॉट. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात; वॉटवरून तो आकडा काढायला याला (किलोवॉटमध्ये ३.१) ०.८ ने भागा, सुमारे ३.९ केव्हीए. जनरेटर तीन चतुर्थांश भारावर चालवायचा म्हणून पुन्हा ०.७५ ने भागा, ५.२ केव्हीए. म्हणजे ७.५ केव्हीएचा संच घ्या. दीड टनाचे चार एसी त्यावर टाकायचे असतील तर गणित १६ केव्हीएच्या पुढे जातं, कॉम्प्रेसर सुरू होताना ओढतो तो जादा करंट वेगळाच, त्यामुळे २० केव्हीएच्या खाली उतरू नका. मंडपवाला 'चालून जाईल' म्हणाला तरी हा हिशेब त्याच्यासमोर मांडा. पहिल्याच चालू-बंदला संच बसतो तो बहुतेक वेळा एसीमुळे. लहान संचासाठी वीस लिटर डिझेल आधीच आणून ठेवा आणि आदल्या दिवशी पूर्ण भारावर पंधरा मिनिटं चालवून पाहा. नुसता स्टार्ट करून बंद केलेला जनरेटर तपासलेला म्हणता येत नाही.

वीज गेल्यापासून चेंजओव्हर (भार जनरेटरवर नेणारा स्विच) फिरवेपर्यंत एखादं मिनिट जातं. तेवढ्यात लॅपटॉप, मिक्सर आणि प्रोजेक्टर बंद पडू नयेत म्हणून ही तीनच उपकरणं १ केव्हीएच्या यूपीएसवर ठेवा. साध्या १ केव्हीए यूपीएसवर साधारण ६०० वॉट चालतात, आणि यांचे मिळून चारशेच्या आसपास होतात. अ‍ॅम्प्लिफायर त्यावर जोडू नका. दिव्याचा प्रोजेक्टर अचानक विझला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. एका मिनिटाचा खंड पाच मिनिटांचा होतो तो यामुळे.

आवाज. शिट्टी येते तेव्हा बघा, माइक स्पीकरच्या पुढे आला आहे का? स्पीकर व्यासपीठाच्या कडेपुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून हवेत, वक्ता त्यांच्या मागे. वक्त्याने माइकची जाळी मुठीत धरली तरी शिट्टी येते. त्याला आधीच दांडा धरायला सांगा. मग माइकची पातळी उतरवा आणि वक्त्याला माइक तोंडाजवळ आणायला लावा. लोक याच्या उलट करतात, माइक लांब आणि आवाज चढवलेला.

खरखर येत असेल तर बहुतेक वेळा कनेक्टर. खाऱ्या वाऱ्यात पितळी टोकांवर हिरवट थर बसतो. उपकरण बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसा. सलग घुंऽ असा आवाज लॅपटॉप जोडल्यावरच येत असेल तर चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. कातळावर बांधलेल्या सभागृहांत हे जास्त आढळतं, कारण खडकात ओल टिकत नाही आणि उन्हाळ्यात अर्थिंग कमकुवत होतं. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, नाही जमलं तर लॅपटॉप त्या सत्रापुरता बॅटरीवर चालवा. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची ही घुंऽ थांबवणारी छोटी डबी, असेल तर उत्तम. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कुणालाही तोडू देऊ नका. आवाज जातो, पण धक्क्याचा धोका तयार होतो.

बिनतारी माइकचे सेल जेवणाच्या सुट्टीत बदला, चालत असले तरी. दोन माइक, प्रत्येकी दोन सेल, म्हणजे दिवसाला आठ. बारा ठेवा. रिसीव्हर टेबलाखाली न ठेवता डोक्यांच्या वर, माइककडे सरळ नजर जाईल असा ठेवा.

पत्र्याच्या छपरावर जोराचा पाऊस सुरू झाला की आवाज वाढवून उपयोग होत नाही, कान किटतात आणि शब्द तरीही कळत नाहीत. सभागृहाच्या मध्यावर दोन लहान स्पीकर आधीच लावून ठेवले तर मागच्या रांगांना ऐकू येतं. तेही पुरलं नाही तर सर जाईपर्यंत चहा पुढे घ्या. म्हणून पावसाळ्यात चहावाल्याला अर्धा तास आधीपासून तयार राहायला सांगितलेलं असावं.

पडदा. इथली सर्वांत जास्त वेळा होणारी फजिती फॉन्टची. वक्त्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेल्या स्लाइड दुसऱ्या लॅपटॉपवर उघडल्या की मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. उपाय एकच, फाईल आदल्या संध्याकाळी सहापर्यंत दोन रूपांत मागवा: मूळ फाईल आणि पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरं शाबूत राहतात. त्यात व्हिडिओ चालत नाही, तो वेगळा घ्या. सगळ्या फाईली एकाच लॅपटॉपवर, नावाआधी क्रमांक घालून ठेवा, ०१, ०२ असे. त्या लॅपटॉपवर स्लीप बंद, अपडेट थांबवलेलं, व्हॉट्सअ‍ॅप वेब लॉगआउट. पडद्यावर चित्र नसेल तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून 'डुप्लिकेट' निवडा. साधी एचडीएमआय केबल दहा मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरजवळ आणि स्लाइड पुढे सरकवणारा माणूस तिथेच.

'अजून पोचला नाही'

त्याच सकाळी प्रवास करून येणाऱ्याला पहिलं सत्र कधीही देऊ नका. कोल्हापूरहून आंबा घाट, कराडहून कुंभार्ली घाट, पावसात दरड आली की वेळेचा अंदाज संपतो. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनपासून ऑक्टोबरपर्यंत असतं, गाड्या सावकाश चालतात आणि वेळा बदलतात. नेहमीच्या वेळेवर आखणी केली तर चुकते. मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने येणारा वक्ता पहाटे किंवा सकाळी उतरतो आणि स्टेशनं बहुतेक गावाबाहेर आहेत. रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका, गाडी आणि चालकाचा नंबर आदल्या रात्री त्याला पाठवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे वक्त्याची तारीख त्याआधी पक्की हवी.

तारखेबद्दल एवढंच: गणपती आणि शिमगा यांच्या आसपास नको. गाड्या भरलेल्या असतात, आणि मंडपवाला, साउंडवाला, स्वयंसेवक सगळे आपापल्या वाडीत असतात. बागायतदारांची परिषद असेल तर मार्च ते मे विसरा, माणूस बागेत असतो.

पहिलं सत्र स्थानिक वक्त्याला द्या. शिवाय एक राखीव वक्ता, श्रोत्यांमध्येच बसलेला, वीस मिनिटं बोलायला तयार.

पैसे आणि पान

आचारी, साउंड, जनरेटर, गाड्या अशी चार पाकिटं नाव आणि रक्कम लिहून आदल्या रात्री भरा. यूपीआय रेंजवर अवलंबून आहे. पाकिटं एकाच माणसाकडे, तो संयोजक नको.

जेवणाची रांग मोजता येते. एका बाजूने वाढून घेणाऱ्याला साधारण अर्धं मिनिट लागतं. दीडशे माणसं एका रांगेत म्हणजे सव्वा तास. दोन टेबलं भिंतीपासून सोडून, दोन्ही बाजूंनी चालतील अशी लावली तर चार रांगा होतात आणि वीस मिनिटांत काम होतं. मासे वेगळ्या टेबलावर, वेगळे डाव, वेगळा वाढपी. सोलकढी बर्फात ठेवा आणि ताटाशेजारी वाटीत न देता शेवटी वेगळी द्या, रांग तिथेच अडते. पाणी माणशी दोन लिटर धरा, म्हणजे वीस लिटरचे पंधरा जार.

ऐन वेळी

एवढं करूनही काहीतरी बिघडणारच. तेव्हा सूत्रसंचालकाकडे तीन वाक्यं लिहिलेली असू द्या: वीज गेल्यावर काय म्हणायचं, वक्ता बदलल्यावर काय, चहा पुढे घेतल्यावर काय. "दोन मिनिटांत जनरेटर सुरू होतोय, तोवर पहिल्या सत्राचे प्रश्न घेऊ." माफी एकदाच. बिघाडाकडे एकच माणूस जाईल, चालत. व्यासपीठासमोरून पाच जण पळताना दिसले की सभागृह अस्वस्थ होतं. तीन मिनिटांत सुधारलं नाही तर दुरुस्तीचा नाद सोडून पर्यायावर जायचं: छापील प्रती वाटा, माइकशिवाय पुढे येऊन बोला, चहा घ्या. तीन मिनिटं घड्याळात बघायची. त्या वेळी मनातली मिनिटं फार लांब किंवा फार छोटी वाटतात.

कुणाला भोवळ आली तर तंत्रवाल्यांना हाक मारू नका, दाराशी बसलेल्याने १०८ फिरवायचा. जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि सभागृहाचा नेमका पत्ता, जवळच्या देवळाच्या किंवा तिठ्याच्या खुणेसह, त्या टेबलावर लिहून ठेवलेला असावा. मीठ-साखरेची पाकिटं तिथेच. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात ती लागतात.

संयोजकाने साडेसातला पोटभर न्याहारी करायची, पोहे किंवा घावणे, नुसत्या चहावर निघायचं नाही. अकरा वाजता दहा मिनिटं बसायचं, तेव्हा व्यासपीठवाला त्याची जागा घेईल. त्याचं जेवणाचं पान आधीच वाढून झाकून ठेवायला आचाऱ्याला सांगा, नाहीतर तो चारला उरलेल्या भातावर येतो, आणि दुपारच्या सत्रात चिडचिड होते ती बरेचदा भुकेची असते.

संध्याकाळी सभागृह सोडण्याआधी माइक, अ‍ॅडॅप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, समई, तबकं आणि रिकामे जार कागदावरच्या आकड्याशी जुळवून घ्या. फोन परत घेतल्यावर त्या दिवसाचे कॉल त्याच रात्री वहीत उतरवा, त्याच पाच खुणांनी. गेल्या वेळच्या पानाशेजारी ते पान ठेवलं की पुढच्या वेळी कोणत्या जागी माणूस बदलायचा ते दिसतं.